शंभर व्हेरियंट, शंभर सबव्हीआय? आधी फरक कशात आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मरोळमधल्या एका कारखान्यात एमसीबी (जादा करंट आला की आपोआप बंद पडणारा, म्हणजे ट्रिप होणारा, विजेचा स्विच) तपासायचा जिग, म्हणजे चाचणीचा साचा, आहे आणि त्याचा प्रोग्राम लॅबव्ह्यूमध्ये, म्हणजे ठोकळ्यांना वायरी जोडून प्रोग्राम लिहायच्या भाषेत, लिहिलेला आहे. एक ते चार पोल (एमसीबी तोडते त्या वायरींची संख्या), बी-सी-डी असे तीन कर्व्ह (किती पट करंटला ट्रिप व्हायचं त्याचे प्रकार) आणि ६, १०, १६, २०, २५, ३२, ४०, ६३ अशी अ‍ॅम्पिअरची आठ रेटिंग. प्रत्येक व्हेरियंटला स्वतंत्र सबव्हीआय (लॅबव्ह्यूत प्रोग्रामला व्हीआय म्हणतात, दुसऱ्याने बोलावलेला तो सबव्हीआय). बारकोड स्कॅन झाला की एक भलंमोठं केस स्ट्रक्चर (आलेला कोड बघून एक फांदी, म्हणजे केस, निवडणारी चौकट) त्यातला योग्य तो चालवतं. आत्तापर्यंत ४२ केस झाल्यात, सगळा माल यायला लागला की ९६ होतील. डायनॅमिक कॉल करावा (सबव्हीआय नावाने बाहेरून बोलवावा), क्लास करावेत (प्रत्येक प्रकाराची माहिती आणि कृती एकत्र बांधावी), की हेच रेटत न्यावं?

माझं उत्तर: आत्ता यातलं काहीच करू नका. निवड कशी करायची हे तुम्ही विचारताय, पण निवडण्यासारखं तुमच्याकडे इतकं काही नसावं असा माझा अंदाज आहे.

कुठलेही दोन सबव्हीआय घ्या, समजा सी-१० आणि सी-१६ चे, आणि शेजारी शेजारी उघडा. लॅबव्ह्यूची प्रोफेशनल आवृत्ती असेल तर टूल्स मेनूत दोन व्हीआय ताडून बघायची सोय आहे, ती वापरा. मी तुमचा कोड पाहिलेला नाही, पण बहुतेक असं दिसेल: वायरिंग तेच, लूप तेच, फरक तीन-चार कॉन्स्टंटचा, म्हणजे पक्क्या लिहिलेल्या आकड्यांचा. दुसरा सबव्हीआय पहिल्यावरून 'सेव्ह अ‍ॅज' करून काढलेला असतो. लाजायचं काही नाही, हे आम्ही सगळ्यांनी केलंय. संध्याकाळी पाच वाजता साहेब म्हणतात उद्या सकाळी वीस अ‍ॅम्पिअरचा माल लाइनवर घ्यायचाय, तेव्हा माणूस दुसरं काय करणार?

आता त्या कॉन्स्टंटकडे नीट बघा. घरगुती एमसीबीचं मानक म्हणजे आयएस/आयईसी ६०८९८-१. त्यात झटपट (मॅग्नेटिक) ट्रिपसाठी बी कर्व्ह रेटिंगच्या ३ ते ५ पट, सी कर्व्ह ५ ते १० पट, डी कर्व्ह १० ते २० पट. म्हणजे सी-१६ ला खालचा करंट ८० अ‍ॅम्पिअर आणि वरचा १६०. खालच्या करंटला ०.१ सेकंदाच्या आत ट्रिप व्हायला नको, वरच्या करंटला ०.१ सेकंदाच्या आत व्हायलाच हवी. सी-१० ला हेच आकडे ५० आणि १००. डी-१६ ला १६० आणि ३२०. थर्मलचंही, म्हणजे तापून हळू होणाऱ्या ट्रिपचंही, तसंच: २.५५ पट करंटला एका सेकंदानंतर पण ३२ अ‍ॅम्पिअरपर्यंतच्या रेटिंगला ६० सेकंदांच्या आत, त्यापुढच्यांना १२० सेकंदांच्या आत. यात कृती कुठेच बदलत नाही. करंट सोडा, वेळ मोजा, हद्दीत आहे का बघा. बदलतात ते आकडे, आणि आकड्यांसाठी सबव्हीआय लिहायचा नसतो.

पोलचं काय? तिथे तुम्ही म्हणाल की फोर पोलला चार वेळा चाचणी लागते, टीपीएनच्या (तीन फेज आणि न्यूट्रल) न्यूट्रल पोलमध्ये ट्रिप यंत्रणाच नसते, म्हणजे डायग्राम (लॅबव्ह्यूचा कोड) वेगळाच झाला. नाही झाला. फॉर लूपच्या एन टर्मिनलला (किती वेळा फिरायचं ते) 'संरक्षित पोल' हा आकडा जोडा. फोर पोलला ४, टीपीएनला ३. एचव्ही (हाय व्होल्टेज) चाचणीसाठी 'एकूण पोल' वेगळा आकडा ठेवा. हासुद्धा एक रकानाच.

मी नव्या मुलांना हे लोकलवरून सांगतो. आत्ता ठाणे स्लो म्हणून आलेला रेक थोड्या वेळाने बदलापूर फास्ट म्हणून जातो. गाडी तीच, फक्त थांब्यांची यादी वेगळी. प्रत्येक ठिकाणाला रेल्वे नवा रेक बांधत नाही. एसी लोकलची गोष्ट मात्र निराळी. तिला आधी दारं मिटावी लागतात, मगच ती हलते. थांब्यांच्या यादीत ही गोष्ट बसवता येत नाही, ती गाडीतच असावी लागते. तुमच्या ९६ व्हेरियंटमध्ये एसी लोकल किती, एवढंच आधी शोधा. वर दिलेल्या माहितीवरून मला तरी एकही दिसत नाही. उद्या त्याच जिगवर आरसीबीओ (एमसीबीच, पण करंटची गळतीही पकडणारी) आला, तर ती पहिली. तिला ३० मिलिअ‍ॅम्पिअर गळतीला ०.३ सेकंदांत ट्रिप व्हायचंय, १५ ला मुळीच व्हायचं नाही, वर टेस्ट बटण दाबून बघायचंय. ती वेगळी कृती आहे, तिला वेगळा कोड लागेलच.

आता केस स्ट्रक्चरबद्दल, कारण तुमचा खरा धोका तिथे बसलाय आणि तुम्ही त्याबद्दल विचारलेलं नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात माझाच प्रोग्राम असा होता. स्ट्रिंग सिलेक्टर (मजकूर बघून केस निवडणारं टोक), त्यात उत्पादनाचे कोड, आणि पहिली केस सी-१०. एका पावसाळ्यात बारकोड स्कॅनर भिजून गेला, देखभालवाल्यांनी नवा जोडला. पहिल्या पाळीत दहा अ‍ॅम्पिअरचा माल होता, सगळं आलबेल. दुसऱ्या पाळीत सोळा अ‍ॅम्पिअरचा माल आला आणि रिजेक्शन एकदम चढलं, तेही विचित्र: काही नग पास, काही नापास, धड नेम नाही. सुपरवायझरने कॉइलचा लॉट खराब म्हणून बाजूला काढून ठेवला. रात्री मला फोन. मी आधी करंट सोर्स तपासला, मग कॉन्टॅक्ट, मग टायमिंग कार्ड. पहाटेच्या सुमाराला सहज म्हणून कोडच्या स्ट्रिंग इंडिकेटरवर राइट क्लिक करून 'बॅकस्लॅश कोड्स डिस्प्ले' लावला. कोडच्या मागे बॅकस्लॅश-आर बॅकस्लॅश-एन लटकलेलं. जुना स्कॅनर नुसता कोड पाठवायचा, नवा फॅक्टरी सेटिंगप्रमाणे शेवटी एंटर जोडत होता. त्या शेपटीमुळे एकही कोड जुळत नव्हता आणि प्रत्येक नग गुपचूप डीफॉल्ट (काहीच न जुळल्यास चालणाऱ्या) केसमध्ये, म्हणजे सी-१० मध्ये, तपासला जात होता. सोळाच्या एमसीबीला १०० अ‍ॅम्पिअर दिले तर ती तिच्या ८० ते १६० च्या पट्ट्यात मध्येच कुठेतरी असते. ट्रिप झाली तरी बरोबर, नाही झाली तरी बरोबर. म्हणून निकाल नाणं उडवल्यासारखे येत होते. कॉइल उत्तम होत्या. त्या लॉटबद्दल मला दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये जाऊन सांगावं लागलं, ते अजून आठवतं.

शेपूट कापायला 'ट्रिम व्हाइटस्पेस' पुरतो, एक मिनिटाचं काम. चूक त्याच्या आधीची होती: ओळख न पटलेल्या मालाला माझ्या प्रोग्रामने आत घेतलं. सिलेक्टरला वायर जोडली की लॅबव्ह्यू स्वतःच पहिल्या केसला डीफॉल्ट करून टाकतं, आणि आपण ते तसंच राहू देतो. स्ट्रिंग सिलेक्टरला डीफॉल्ट ठेवावंच लागतं, त्याशिवाय व्हीआय चालतच नाही. तर मग डीफॉल्टमध्ये फक्त एवढंच असू दे: एरर तयार करा, आलेला कोड जसाच्या तसा संदेशात दाखवा, जिग थांबवा. एनम (ठरलेल्या नावांच्या यादीचा) सिलेक्टर असेल तर त्याहून चांगली गोष्ट करता येते. सगळ्या केस लिहा आणि राइट क्लिक करून डीफॉल्ट काढूनच टाका. मग उद्या कोणी एनममध्ये नवा प्रकार घातला आणि त्याची केस लिहायला विसरला, तर रन बाण (प्रोग्राम सुरू करायचं बटण) तुटतो आणि प्रोग्राम सुरूच होत नाही. घरात तुटलेला बाण परवडतो, लाइनवर चुकीचा पास परवडत नाही. एनम अर्थातच टाइपडेफ (एकाच फाइलमध्ये ठेवलेली व्याख्या) हवा, नाहीतर तीस ठिकाणचे कॉन्स्टंट तीस वेळा बदलत बसाल.

त्याच स्ट्रक्चरच्या उजव्या कडेला अजून एक भानगड आहे. आउटपुट टनेलवर (निकाल बाहेर नेणाऱ्या चौकोनावर) 'यूज डीफॉल्ट इफ अनवायर्ड' लावलेलं असेल तर काढा. एवढ्या केसमधल्या एखादीत निकालाची वायर जोडायची राहिली, तर तिथून शून्य किंवा फॉल्स बाहेर येतं आणि कोणी तक्रार करत नाही.

सगळे सबव्हीआय एकदम मेमरीत येतात अशी भीती काहींना वाटते. येतात खरे, केस चालो न चालो. पण आजच्या पीसीला ४२ छोटे सबव्हीआय म्हणजे काहीच नाही. भार पडतो तो माणसावर: थर्मलच्या कृतीत एक सुधारणा केली की ती ४२ ठिकाणी करायची, आणि त्यातल्या ३९ ठिकाणीच होते.

तर मग तक्ता. साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) फाइल चालेल, एका ओळीत एक व्हेरियंट. रकाने असे ठेवा: उत्पादन कोड, एकूण पोल, संरक्षित पोल, रेटिंग, कर्व्ह, खालचा पट, वरचा पट, थर्मलची कमाल वेळ, चाचण्यांची यादी. ८० आणि १६० हे गुणाकार तक्त्यात लिहू नका. रेटिंग आणि पट लिहा, गुणाकार प्रोग्रामने करावा. नाहीतर कोणीतरी रेटिंग बदलेल आणि करंट बदलायचा विसरेल. कर्व्ह हा एनम आकडा म्हणून साठवू नका, 'बी', 'सी', 'डी' असा मजकूर ठेवा. एनममध्ये मध्येच एखादा प्रकार घुसला की आकडे सरकतात आणि जुन्या फाइलचा अर्थ बदलतो.

चाचण्यांच्या यादीचा रकाना सगळ्यात कामाचा. त्यात 'मिलिव्होल्ट;मॅग्नेटिक;थर्मल;एचव्ही' असं लिहा (मिलिव्होल्ट म्हणजे एमसीबीत किती व्होल्टेज पडतं ती चाचणी). प्रोग्राम ही यादी तोडतो, फॉर लूपमध्ये एकेक नाव घेतो, आणि तिथे एक छोटं केस स्ट्रक्चर असतं: चार केस, पाचवी डीफॉल्ट, म्हणजे वर सांगितलेली एरर. एखाद्या व्हेरियंटला एचव्ही आधी घ्यायची असेल तर यादीतला क्रम बदलतो, कोड नाही. तुमचं ९६ खणांचं कपाट इथे चार खणांचं होतं. आरसीबीओ आली की 'गळती' नावाची एक केस वाढेल, बस्स.

फाइल वाचताना तीन ठिकाणी लोक पडतात, मीही पडलोय. आकडा वाचायला 'फ्रॅक्ट/एक्स्प स्ट्रिंग टू नंबर' वापरला आणि रकाना रिकामा असला, तर तो निमूटपणे शून्य देतो. 'स्कॅन फ्रॉम स्ट्रिंग' वापरा, तो एरर ८५ देऊन ओरडतो. ओरडणारा बरा. दुसरं, कोड शोधायला 'सर्च वन डी अ‍ॅरे' वापरत असाल, तर न सापडल्यावर तो -१ देतो, आणि तो -१ तसाच 'इंडेक्स अ‍ॅरे'ला दिला की एररशिवाय रिकामी ओळ मिळते. सगळे आकडे शून्य, शून्य अ‍ॅम्पिअरची चाचणी. २०१९ पासून लॅबव्ह्यूत मॅप (की दिली की तिची व्हॅल्यू शोधून देणारे) आलेत. कोड ही की, ओळीचा क्लस्टर (एकत्र बांधलेले रकाने) ही व्हॅल्यू, आणि 'सापडलं का' हे स्पष्ट सांगणारं टर्मिनल मिळतं. ते वायर करा, लोंबकळत ठेवू नका. तिसरी खोड एक्सेलची. क्वालिटीवाले फाइल एक्सेलमध्ये उघडणारच, आणि '०६१६' असा कोड सेव्ह करताना ६१६ होणारच. कोडच्या सुरुवातीला एखादं अक्षर ठेवलं की हा प्रश्न मिटतो.

तक्ता प्रोग्राम सुरू होतानाच एकदा पूर्ण वाचा आणि तिथेच पारखा: एकच कोड दोन ओळींत नाही ना, खालचा पट वरच्यापेक्षा लहान आहे ना, यादीतलं प्रत्येक चाचणीचं नाव ओळखीचं आहे ना. चूक सकाळी आठला दिसावी, दुपारी तीनला तो माल लाइनवर आल्यावर नाही. आणि प्रत्येक नगाच्या रिपोर्टमध्ये, वापरलेली अख्खी ओळ आणि फाइलची आवृत्ती छापा. सहा महिन्यांनी ग्राहकाचा माणूस येऊन बसला की हाच कागद उपयोगी पडतो.

एवढ्यावर तुमचं काम भागेल. तरी डायनॅमिक कॉल आणि क्लास विचारलेत म्हणून ते कुठे लागतात तेही सांगतो.

डायनॅमिक कॉल, म्हणजे 'ओपन व्हीआय रेफरन्स' आणि 'कॉल बाय रेफरन्स', तेव्हा घ्यावा जेव्हा मूळ प्रोग्राम पुन्हा न बांधता नवी कृती बाहेरून आणायची असते. म्हणजे एक्झी (प्रोग्रामची तयार बांधलेली फाइल) प्लांटमध्ये बसवलीय, तिला हात लावायला परवानगी लागते, पण नवा व्हीआय फोल्डरमध्ये टाकायला लागत नाही. अट एकच: सगळ्यांचं कनेक्टर पेन (आत-बाहेर जाणाऱ्या टर्मिनलची मांडणी) तंतोतंत सारखं. एक टर्मिनल सरकलं की एरर १०३१. रेफरन्स सुरुवातीला एकदा उघडा आणि शेवटी बंद करा, प्रत्येक नगाला उघडझाप नको.

डेव्हलपमेंटमध्ये हे मस्त चालतं आणि एक्झीत कोसळतं, ही याची ठरलेली गोष्ट. नावाने बोलावलेला व्हीआय कोणाच्याच डायग्रामवर नसतो, म्हणून बिल्डर त्याला एक्झीत घेत नाही. त्याला 'ऑलवेज इन्क्लुडेड'मध्ये टाकावं लागतं, नाहीतर एरर ७, फाइल सापडली नाही. बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवलात तर दुसरा खड्डा: रनटाइम इंजिनमध्ये (एक्झी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कम्पायलर नसतो. व्हीआयच्या प्रॉपर्टीत कम्पाइल केलेला कोड वेगळा ठेवण्याची खूण असेल, तर फाइलमध्ये नुसता सोर्स असतो आणि रनटाइमला तो चालवता येत नाही. मग एरर १००३ येते, व्हीआय चालण्याजोगा नाही म्हणून, आणि तुमच्या मशीनवर मात्र तो धडधाकट चालत असतो. यात माझे दोन दिवस गेलेत. बाहेरचा कोड द्यायचाच असेल तर पॅक्ड लायब्ररी (कम्पाइल करून एका फाइलमध्ये बांधलेला कोड) करून द्या.

क्लास लॅबव्ह्यूत ८.२० पासून, म्हणजे २००६ पासून आहेत. कृतीच वेगळ्या असलेले पाच-सहा गट झाले, प्रत्येकाची स्वतःची माहिती आणि स्वतःची तयारी-चाचणी-आवराआवर असली, की क्लास शोभतो. 'चाचणी' हा मूळ क्लास, 'एमसीबी' आणि 'आरसीबीओ' ही त्याची मुलं, आणि वायरीवर जो ऑब्जेक्ट येईल त्याचा 'चालवा' आपोआप चालतो. इथे केस स्ट्रक्चर दिसतच नाही. पण सी-१० चा एक क्लास, सी-१६ चा दुसरा असं कराल तर ९६ सबव्हीआयच्या जागी ९६ क्लास होतील, प्रत्येकाच्या चार-चार फाइली, आणि दुखणं तेच. मूळ क्लासमधला 'चालवा' रिकामा ठेवू नका. प्रॉपर्टीत मुलांना तो लिहायची सक्ती करता येते, ती करा. रिकामी चाचणी कायम पासच होते.

पॉलिमॉर्फिक व्हीआयने (एका नावाखाली अनेक व्हीआय) हे होईल का, असंही मला बरेच जण विचारतात. नाही होत. त्याची निवड डायग्राम काढताना, वायरीच्या प्रकारावरून होते. बारकोड येतो प्रोग्राम चालू असताना, तोवर ती निवड होऊन गेलेली असते.

बदल करताना ४२ सबव्हीआय लगेच डिलीट करू नका. आधी त्यातले कॉन्स्टंट हाताने तक्त्यात उतरवा. कंटाळवाणं आहे, पण तेव्हाच सापडेल की दोन-तीन ठिकाणी कोणीतरी एखादा आकडा मुद्दाम बदललेला आहे, का ते कोणालाच माहीत नाही. ते आकडे 'दुरुस्त' करायच्या आधी क्वालिटीकडे जाऊन विचारा. मग प्रत्येक रेटिंगचे चांगले आणि मुद्दाम बिघडवलेले नमुने बाजूला ठेवा, तेच नग जुन्या प्रोग्रामवर आणि नव्यावर तपासा. एमसीबी तापलेली असताना लगेच दुसरी थर्मल चाचणी घेऊ नका, बायमेटल (तापून वाकणारी पट्टी) गरम असतो, ती लवकर ट्रिप होईल आणि तुम्ही उगाच नव्या कोडमध्ये चूक शोधत बसाल. पूर्ण थंड होऊ द्या. आधी एका कर्व्हचा सगळा माल नव्यावर न्या, आठवडाभर बघा, मग बाकीचे.

राहता राहिलं टेस्टस्टँड (चाचण्या चालवायचं तयार सॉफ्टवेअर), कारण तुमचे साहेब ते विकत घ्यायचं म्हणतायत. चाचण्यांचा क्रम, मर्यादा फाइलमधून भरणं, रिपोर्ट, ऑपरेटर लॉगिन हे सगळं त्यात तयार मिळतं, आणि मर्यादा बाहेरून भरायला प्रॉपर्टी लोडर नावाची स्टेपही आहे. पाच-सहा वेगवेगळे जिग आणि तीन-चार इंजिनीअर असतील तर मी घ्या म्हणेन. एका जिगसाठी, तुम्ही एकटेच सांभाळणार असाल, तर ते लायसन्सचे पैसे जिगचे कॉन्टॅक्ट बदलण्यावर घाला. मिलिव्होल्टचे निकाल वरखाली होतायत असं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय, त्याचं कारण मला सॉफ्टवेअरमध्ये वाटत नाही.